एसीतून आवाज येतोय? गॅस भरण्याआधी तो नीट ऐका

रात्री दिवे मालवले, एसी लावला आणि भिंतीवरून ‘टक... टक...’ सुरू झाले. सकाळी मेकॅनिक येतो, दोन मिनिटे बघतो आणि म्हणतो, ‘गॅस कमी झालाय.’ काही हजारांचे बिल होते; आवाज मात्र तसाच राहतो. असा अनुभव अनेक घरांत येतो. वास्तविक बिघाड कुठे आहे, हे आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता येते. शिवाय प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नसतो.

घाबरू नका असे आवाज

एसी सुरू किंवा बंद होताना येणारी टकटक बहुधा प्लास्टिकच्या बॉडीची असते. थंड-गरम झाली की ती आकसते, प्रसरते. दुपारी घराचे पत्रे वाजतात, तसाच हा प्रकार. एसी बंद केल्यावर थोडा वेळ ‘फुस्स’ असा किंवा पाणी वाहिल्यासारखा आवाज येतो, तो पाइपमधल्या गॅसचा दाब समान होत असल्याचा.

उंच इमारतीत एक गंमत होते. दारे-खिडक्या बंद आणि स्वयंपाकघरात चिमणी सुरू असेल, तर बाहेरची हवा एसीच्या ड्रेन पाइपमधून आत ओढली जाते आणि ‘बुडबुड’ ऐकू येते. खिडकी किंचित उघडून पाहा. आवाज थांबला तर मेकॅनिकची गरजच नाही. थांबला नाही आणि पाणीही टपकत असेल, तर पाइप तुंबला आहे.

घरच्या घरी काय करता येईल?

पंख्याला काहीतरी घासल्यासारखी खरखर येत असेल, तर आधी एसी बंद करून फिल्टर काढून बघा. धुळीने भरलेल्या फिल्टरमधून हवा पुरेशी जात नाही, आतल्या कॉइलवर बर्फ जमतो आणि तो ब्लोअरला घासू लागतो. फिल्टर धुऊन, वाळवून बसवा आणि एसी तास-दोन तास फक्त फॅन मोडवर ठेवा. बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडले तर खर्च कितीतरी वाढतो. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ जमत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता आहे.

बाहेरच्या युनिटची धडधड बहुतेकदा स्टँडचे नट सैल झाल्याने किंवा खालची रबरे झिजल्याने होते. कधी कबुतराच्या घरट्यातल्या काड्या पंख्यात अडकतात. पण काम किरकोळ दिसले तरी खिडकीतून वाकून किंवा छज्जावर उतरून ते करू नका.

लगेच बंद करा

बाहेरचे युनिट नुसते घुमते, सुरू होत नाही आणि ‘टक’ करून थांबते? बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. पुन्हापुन्हा सुरू करून पाहिल्यास कॉम्प्रेसरही जाऊ शकतो. चरचर आवाजासोबत जळका वास आला, तर रिमोटवर थांबू नका, एमसीबी पाडा. झाकण स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार राहतो आणि जोरदार शॉक बसू शकतो.

गॅसचे काय?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद पाइपमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. एसी चालू असताना सतत ‘स्स्स’, थंडावा कमी आणि पाइपच्या जोडावर तेलकट डाग, अशी लक्षणे एकत्र दिसली तर संशय घ्या. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर गंजते, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त.

मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारा : गळती कुठे आहे? ती शोधून बुजवल्याशिवाय आणि व्हॅक्यूम केल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. किती ग्रॅम लागतो, हे बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर छापलेले असते. गॅस वजन करून भरायला सांगा. हल्लीच्या अनेक एसींतला आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील आहे. गळतीची शंका आल्यास खिडक्या उघडा, उदबत्तीही लावू नका.

आणि मेकॅनिक दारात आला की आवाज हमखास गायब होतो! तेव्हा तो येत असतानाच मोबाइलवर रेकॉर्ड करा. एकदा आतल्या युनिटजवळ, एकदा बाहेरच्या युनिटलगतच्या खिडकीपाशी. कूलिंग सुरू होते की फक्त फॅन, हेही लिहून ठेवा.