‘कुनिंगास’ : उसन्या शब्दाने जपलेला इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु जेथे लेखनच नव्हते, तेथील इतिहास कोठे शोधावा? भाषाशास्त्र सांगते, लोकांच्या तोंडच्या शब्दांत. फिनलंडच्या फिन्निश भाषेतील ‘कुनिंगास’ म्हणजे ‘राजा’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय.

फिन्निश ही युरल कुळातील भाषा. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या जर्मानिक भाषांशी तिचे नाते नाही. तरीही राजाला नाव देताना तिने जर्मानिक शेजाऱ्यांचा ‘कुनिंगाझ’ हा शब्द उसना घेतला, तोही दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. पुढे देणाऱ्यांच्या घरी तो झिजला. इंग्रजीत ‘किंग’, जर्मनमध्ये ‘क्योनिग’, स्वीडिशमध्ये ‘कुंग’ उरले. फिन्निशने मात्र ‘झ’चा ‘स’ करून शेवटचे अक्षर जपले. हा योगायोग नव्हे. इंग्रजीत ‘रिंग’ झालेला शब्दही फिन्निशमध्ये ‘रेंगास’ असाच आहे. अशा शब्दांचा पद्धतशीर अभ्यास डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केला.

पहिले फिन्निश पुस्तक, मिकाएल अग्रिकोला यांचे वर्णमालेचे पुस्तक, १५४३ च्या सुमाराचे. म्हणजे त्याआधीची हजारांहून अधिक वर्षे हा पुरावा शेतकरी, शिकारी, मच्छीमार यांच्या जिभेवरच सुरक्षित राहिला. त्यांना निरक्षर म्हणता येईल, इतिहासहीन म्हणता येणार नाही.

शब्दाचा अर्थही उद्बोधक आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच्या मुळाशी ‘कुन्य’ म्हणजे कूळ हा शब्द आहे. आपल्या ‘जन’ आणि ‘जन्म’ यांतील ‘जन्’ धातूशी त्याचे दूरचे नाते आहे. राजा म्हणजे कुळात जन्मलेला. अधिकार जन्माने ठरत असे, हे त्या नावातच नोंदलेले आहे.

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राजाखाली व नंतर रशियाच्या झारखाली होता. १९१७ मध्ये तो स्वतंत्र झाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये तेथील संसदेने एका जर्मन राजपुत्राला राजा निवडले. परंतु जर्मनीचा पराभव झाला आणि त्याने डिसेंबरमध्ये पद नाकारले. १९१९ मध्ये फिनलंडने प्रजासत्ताकाचे संविधान स्वीकारले. शब्द भाषेत राहिला, सिंहासन मात्र राहिले नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या बोलीतील शब्दांकडेही आपण याच आदराने पाहावे, ते लिहून ठेवावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.