चिकलठाणा : पाच अक्षरं, आठ खुणा

लेखमाला : खिशातलं यंत्र – भाग ७

मागच्या आठवड्यात आपण फोनच्या बॅटरीचं आयुष्य पाहिलं. या भागात स्वस्तातला टचस्क्रीन फोन आपल्या मापाचा कसा करून घ्यायचा ते पाहू. सुरुवात आमच्या गल्लीतून, चिकलठाण्यातूनच करतो.

आमच्या शेजारच्या मावशी एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जातात. दिवाळीत मुलानं त्यांना साध्यातला एक स्मार्टफोन घेऊन दिला. दोनेक महिने त्या तो फक्त फोन उचलायला वापरत होत्या. एका रविवारी त्या फोन घेऊन घरी आल्या. जालन्याला दिलेली लेक त्यांना काही सामान कुरिअरनं पाठवणार होती आणि तिनं पत्ता मागितला होता.

"दादा, ह्याच्यात आपल्या गावाचं नावच येत न्हाई बघा. चिकलठाणा लिहिते, तर चिकलथाना येतंय. एवढ्या पैशाचा फोन, अन् गावाचं नाव चुकवतो!"

मावशींची तक्रार अगदी रास्त होती. त्यांचा फोन बिघडलेला नव्हता, त्यांच्या लेखणीशी तो जुळवलेलाच नव्हता. दुकानातून आला जवळपास तसाच तो वापरात होता. पडदा इंग्रजी, कळफलक इंग्रजी, अक्षरं बारीक. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय मुलानं सुरू करून दिली होती, पण तीच सोय मावशींच्या वाटेत आडवी येत होती. का ते समजून घ्यायला 'चिकलठाणा' हा शब्दच उलगडून बघू.

आपल्या डोळ्यांना या शब्दात पाच अक्षरं दिसतात : चि, क, ल, ठा, णा. फोनच्या पोटात मात्र तो आठ खुणांचा असतो. च, मग वेलांटी, मग क, ल, ठ, काना, ण, काना. जगातल्या लिप्यांसाठी ठरलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक व्यंजनाला आणि प्रत्येक स्वरचिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. 'चि' लिहिताना फोन आधी च साठवतो आणि नंतर वेलांटी, कारण आपण उच्चार त्याच क्रमानं करतो. पडद्यावर मात्र ऱ्हस्व वेलांटी च च्या आधी, डावीकडे दिसायला हवी. ही उलटापालट करायला फोनमध्ये वेगळी प्रणाली लागते. ती नसली की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं सुटतात आणि पाय मोडलेली अक्षरं ओळीत उभी राहतात. देवनागरीचा फाँटच नसला, तर नुसते रिकामे चौकोन दिसतात.

ते चौकोन आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. २०१० साली नोकियाचा ५२३३ हा फोन आला आणि टचस्क्रीन सामान्य खिशाच्या आवाक्यात आली. पडदा ३.२ इंचांचा. त्याला स्पर्श कळायचा तो दाबानं, त्यामुळे नखानं किंवा प्लास्टिकच्या तुकड्यानंही तो चालायचा. वायफाय नव्हतं, थ्रीजी नव्हतं, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. पण त्याची थीम बदलता यायची, मेमरी कार्ड घालता यायचं, हवी ती छोटी ॲप्स टाकता यायची. तरुण मुलांनी तो फोन आपल्या आवडीप्रमाणे सजवला. मराठीच्या बाबतीत मात्र अडचण होती.

त्या काळात मराठी वाचणाऱ्यांनी एक तोड शोधली होती. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत एक ठरावीक आज्ञा लिहिली की लपलेली सेटिंग्ज उघडायची. त्यात शेवटी अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याचा पर्याय असे, तो 'हो' करायचा. मग मराठी मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर चित्रात बदलून फोनवर यायचा. डेटा जास्त जायचा, पण वेलांटी जागेवर दिसायची. ही युक्ती मित्रानं मित्राला सांगितली, कॉलेजच्या कट्ट्यावर ती पसरली. फोन आपल्या मापाचा करून घेण्याची धडपड मराठी माणसानं तेव्हापासून केलेली आहे.

लिहिण्याचा प्रश्न याहून अवघड होता. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, पण देवनागरी वापरली की मर्यादा ७० खुणांवर यायची. कारण साधं आहे. एका संदेशात १४० बाइट्सचीच जागा असते. इंग्रजीचं अक्षर सात बिटांत बसतं, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा बिट लागतात. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. नुसत्या 'चिकलठाणा'नं त्या सत्तरातल्या आठ जागा खाल्ल्या. थोड्या पैशांत निरोप बसवायचा म्हणून लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले, आणि ती सवय एसएमएस मागे पडल्यावरही राहिली.

मावशींच्या अडचणीचं मूळ याच सवयीत आहे. इंग्रजी अक्षरांतून 'चिकलठाणा' लिहायला अकरा कळा दाबाव्या लागतात. त्यात ठ आणि थ यांना एकच जोडी आहे, ण आणि न यांना एकच अक्षर. ळ आणि ल यांचंही तेच. फोन अंदाज बांधतो आणि जो शब्द त्याला ओळखीचा वाटतो तो पुढे करतो. मुंबईजवळचं ठाणं त्याच्या कोशात सापडेल, आमचं चिकलठाणं सापडेलच असं नाही.

आता यंत्राच्या स्वस्ताईकडे वळू. आमच्या भागातली एक कंपनीही स्वस्त फोनच्या धंद्यात उतरली होती. पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना असलेल्या, टीव्ही आणि फ्रिजनं घराघरांत पोचलेल्या व्हिडिओकॉननं २००९ साली मोबाइल हँडसेटच्या बाजारात पाऊल टाकलं. पुढे 'इन्फिनियम' नावाचे अँड्रॉइड फोनही काढले. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा, स्पाइस या भारतीय नावांची तेव्हा चलती होती. किंमत, दोन सिमकार्डं आणि बॅटरी यांवर सगळी चढाओढ चाले. पुढे चिनी कंपन्यांनी बाजार व्यापला आणि २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चितेगावच्या आणि आजूबाजूच्या कितीतरी घरांना त्याची झळ लागली.

फोन स्वस्त झाला त्याचं मोठं कारण त्याच्या पोटातली चिप. पूर्वी हिशेब करणारा भाग, नेटवर्कशी बोलणारा भाग आणि चित्र काढणारा भाग वेगवेगळे असत. ते एकाच चिपवर आले आणि तैवानच्या मीडियाटेकसारख्या कंपन्या चिपबरोबर फोनचा तयार आराखडाही देऊ लागल्या. त्यामुळे लहान कंपनीलाही फोन बाजारात आणता येऊ लागला. सप्टेंबर २०१४मध्ये गूगलनं अँड्रॉइड वन ही योजना भारतातून सुरू केली, तेव्हा त्यातले फोन ६,३९९ रुपयांपासून मिळायचे. २०१७च्या डिसेंबरात एक जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी अँड्रॉइड गो ही हलकी आवृत्ती आली. २०२१च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट ६,४९९ रुपयांना आला, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती.

भाषेचं काम याच काळात दुसऱ्या बाजूनं चाललं होतं आणि त्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक घडवला. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेच्या क्रमानं त्यात व्यंजनं मांडलेली असतात. एखाद्या व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती चक्र उमटतं आणि त्या अक्षराची बाराखडी दिसते. बोट न उचलता हव्या त्या अक्षराकडे सरकवायचं. पाय मोडलेलं अक्षर निवडलं की बाकीच्या सगळ्या कळांवर त्याची जोडाक्षरं दिसू लागतात. या पद्धतीनं 'चिकलठाणा' पाच स्पर्शांत लिहून होतं. च वर बोट ठेवून चि कडे सरकवा, क ला हात लावा, ल ला हात लावा, ठ वरून ठा कडे, ण वरून णा कडे. पाच अक्षरं, पाच स्पर्श. ज्यानं पाटीवर बाराखडी गिरवली आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आयआयटी मुंबईतूनच बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या मित्रांनी 'इंडस ओएस' ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली तयार केली आणि २०१५पासून ती मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांत आली. आलेल्या इंग्रजी निरोपावर बोट फिरवलं की त्याचं आपल्या भाषेत भाषांतर व्हायचं. अँड्रॉइडनं स्वतः २०१४च्या ५.० आवृत्तीत मराठी भाषा दिली. २०१६ साली भारतीय मानक ब्युरोनं मोबाइलमधल्या भारतीय भाषांसाठी आयएस १६३३३ हे मानक आणलं. त्याप्रमाणे फोनवर आपल्या सगळ्या अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. म्हणजे आज दुकानातल्या स्वस्त स्मार्टफोनमध्येही मराठी आहे, फक्त ती सेटिंगच्या आत बसून आहे. तिला बाहेर काढायचं काम आपलं.

मावशींच्या फोनवर आम्ही केलेली कामं क्रमानं सांगतो. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतील, वाट तीच राहील.

पहिलं काम भाषेचं. सेटिंगमध्ये 'सिस्टीम'च्या आत भाषांची यादी असते. त्यात मराठी घालून ती सगळ्यांत वर ओढायची. क्षणात पडद्यावर 'संपर्क', 'संदेश', 'कॅमेरा' दिसू लागतं.

दुसरं काम कळफलकाचं. गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी तीन प्रकारे मिळते : थेट देवनागरी कळा, इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि बोटानं पडद्यावर अक्षर गिरवून. मावशींना तिसरा प्रकार सगळ्यांत आवडला. त्यांनी बोटानं मोठा ठ काढला आणि फोननं तो ओळखला. कळफलकावरच्या माइकच्या खुणेला हात लावून बोललं तरी मजकूर उमटतो. त्यातला ठ किंवा ण चुकला, तर देवनागरी कळांवर दुरुस्त करायचा. अर्ध्या र चीही परीक्षा घ्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. हे दोन्ही शब्द तुमच्या फोनवर वेगळे लिहिता आले, तर कळफलक मराठीला लायक आहे असं समजा.

तिसरं काम अक्षरांच्या आकाराचं. 'डिस्प्ले'मध्ये फाँटचा आकार आणि पडद्यावरच्या वस्तूंचा आकार अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात. चाळिशी लागलेल्यांनी दोन्ही वाढवाव्यात. काही फोनांत 'सोपा मोड' असतो, त्यात हे सगळं एकदम होतं.

चौथं काम मांडणीचं. रोज लागणारी पाच-सहा चिन्हं पहिल्या पानावर ठेवायची, बाकीची आत. मावशींच्या पहिल्या पानावर आता फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, टॉर्च आणि लेकीचा नंबर एवढंच आहे. लेकीच्या फोटोवर बोट ठेवलं की थेट जालन्याला घंटी वाजते.

पाचवं काम काढून टाकण्याचं. स्वस्त फोनांत कंपनीनं आधीच टाकलेली बरीच ॲप्स असतात आणि त्यांतली काही जाहिराती दाखवतात. जी निघतात ती काढा, जी निघत नाहीत ती 'बंद' करा. कमी रॅमच्या फोनला हलतं वॉलपेपर आणि झगमगीत थीम झेपत नाही. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा : रंग बदलून देणारं किंवा नवं रूप देणारं ॲप तुमचे संपर्क, संदेश किंवा मायक्रोफोन मागत असेल, तर त्याला नकार द्या. भिंतीला रंग द्यायला आलेल्या माणसाला कपाटाची किल्ली लागत नाही.

या सगळ्याला आम्हाला पाऊण तास लागला. एक रुपयाही खर्च आला नाही.

माझं मत आहे की स्वस्त फोनची खरी किंमत त्याच्या डब्यावर छापलेली नसते. दोन फोन सारख्याच पैशांत येतात. एक माणसाला जन्मभर दुसऱ्याला विचारायला लावतो, दुसरा त्याला स्वतःचं स्वतः करू देतो. त्या दोहोंतला फरक या पाऊण तासाचा असतो. महागडा फोन घेणाऱ्याला दुकानदार खुर्ची देऊन सगळं लावून देतो. सहा-सात हजारांचा फोन घेणाऱ्यानंही ते हक्कानं मागावं. फोन घेतानाच सांगा : मराठी लावून द्या, मराठी कळफलक घालून द्या आणि मला माझ्या गावाचं नाव लिहून दाखवू द्या. ते जमलं की मगच पैसे द्या.

मावशींनी त्याच दिवशी लेकीला पत्ता पाठवला. बोटानं गिरवून, ठ आणि ण सकट. चार दिवसांनी सामान चिकलठाण्यात, त्यांच्याच दारात आलं.

वाचकांना एकच विनंती. या रविवारी घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाचा फोन हातात घ्या, ही पाच कामं करा आणि पहिला शब्द त्यांच्याच बोटानं त्यांच्या गावाचा लिहवून घ्या.