गडद हिरव्या भिंतीआधी ओल पाहा

गोव्यातल्या धारगळसारख्या गावात घर रंगवायची आठवण बहुधा चतुर्थी तोंडावर आली की होते, आणि तेव्हा पाऊस भरात असतो. पांढऱ्या भिंतीवर त्याचे परिणाम झाकले जातात, गडद हिरव्यावर मात्र क्षाराचा बारीक ठिपकाही डोळ्यांत भरतो. हा रंग मनात असेल तर आपण फेब्रुवारी ते मे या काळातच काम उरकावे.

आधी भिंत निवडावी. गडद रंग उजेड पितो आणि पडवीमागच्या खोल्यांत उजेड मुळातच कमी असतो. तिथे खिडकीसमोरची एकच भिंत हिरवी करणे बरे. खोली रात्रीच वापरायची असेल तर चारही भिंती शोभतात, असे माझे मत.

आता ओल. काम बिघडते ते इथेच. आपल्याकडचा जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतले पाणी बारीक छिद्रांतून वर चढते, येताना क्षार आणते. पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. हाच लोणा. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवावे. त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे; बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेची.

ओल भिंतीतलीच असेल तर रंगाचा डबा उघडू नये. फुटलेले कौल, गळका नळ, जोत्यावर चढलेली अंगणातली माती, यांतले कारण शोधावे. बरेचजण वरून पुट्टी फासतात आणि एका पावसाळ्यात पोपडे सुटतात. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा. पाण्याने पुसला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो.

ओल आणि हिरवा रंग यांचे वैर जुने आहे. शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये शोधलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक असे. युरोपातल्या दमट घरांत भिंतीवरची बुरशी त्यातून विषारी वायू तयार करी, हे पुढे गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवले. आजच्या घरगुती रंगांत आर्सेनिक नसते. शिशाचे प्रमाणही भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भागांवर मर्यादित आहे. त्याआधीचा ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नये, ओल्या पॉलिशपेपरने घासावा.

भिंत कोरडी झाल्यावरच पुट्टी भरावी. ती घासून सपाट झाली की प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, लावावा. तो दुकानात राखाडी छटेचा करून घ्यावा. पांढऱ्या प्रायमरवर हिरव्याचे चार हात दिले तरी पांढरे डोकावते; राखाडीवर बहुधा दोन-तीन पुरतात.

छटा पुठ्ठ्यावर रंगवून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहावी. पिवळट दिव्यात निळसर हिरवा मळकट वाटू शकतो. डबे एकदमच आणून मोठ्या बादलीत एकत्र ढवळावेत, कारण दोन डब्यांच्या छटेत किंचित फरक असतो.

रंगवताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता जावे. मध्येच चहाला बसलात की सुकलेल्या कडेवर रोलरचा पट्टा उमटतो. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ द्यावा, दमट हवेत थोडा जास्तच.

अगदी मॅट रंगावर हात किंवा खुर्ची घासली की चकाकते डाग पडतात. ये-जा असलेल्या जागी किंचित चमकीचा घ्यावा. नंतर ओरखडा पडला तर तेवढाच ठिपका रंगवू नये. तो वेगळा दिसतो, म्हणून ती पूर्ण भिंतच पुन्हा रंगवावी लागते. त्यासाठी उरलेला रंग घट्ट झाकून, डब्यावर छटेचा क्रमांक लिहून ठेवावा.