पितळी काडतुसांच्या पुंगळ्या उजळण्याविषयीं

जुन्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या हें इतिहासाचें साधन आपल्याकडे उपेक्षितच राहिलें आहे. वस्तुतः पुंगळीच्या बुडावर कारखान्याचीं अक्षरें व पुष्कळदां सालहि ठोकलेलें असतें. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. तेव्हां आपल्या बाजूस अशा पुंगळ्या सांपडल्या तर नवल नाहीं. परंतु उजळण्याच्या हौसेंत हीं अक्षरेंच नाहींशीं होतात. मीं स्वतः एक पुंगळी चिंच व राख यांनीं लखलखीत केली, आणि सालाचा शेवटचा अंक कायमचा गमावला.

उडविलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणारे नेमबाज त्या फिरत्या किंवा थरथरणाऱ्या भांड्यांत कोरड्या भरड्याबरोबर घोळवितात. अक्रोडाच्या कवचांचा चुरा कठीण असल्यामुळें काजळी लवकर काढतो. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा मऊ, वेळ अधिक घेतो, पण झळाळी चांगली देतो. दाणा बुडाच्या छिद्रांत अडकेल एवढा नसावा. गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बारीक काड्या साबणाच्या पाण्यांत घालून घोळविल्यास आंतील काजळीहि निघते; मात्र जुन्या वस्तूस हा उपाय मी वर्ज्य समजतों. मक्याचा भरडाहि एकाच जातीच्या अनेक प्रती असतील तरच, आणि तोहि बुडाचें छायाचित्र घेतल्यावर, वापरावा. दारू असलेलें काडतूस तर यांत कदापि घालूं नये. तें पोलिसांच्या स्वाधीन करावें.

भरड्यांत झिलईचें द्रव्य मिसळतांना त्यांत अमोनिया नाहीं हें पाहून घ्यावें. अमरकोशांतील ‘रीति’ म्हणजे पितळ. काडतुसाच्या पितळेंत तांबें सुमारें ७० व जस्त ३० टक्के असतें, आणि अशा ताणलेल्या पितळेस अमोनिया तडे पाडतो. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेनें पावसाळ्यांत तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांस असेच तडे गेले. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया हें त्याचें कारण. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं तें उलगडून दाखविलें. कल्हईचा नवसागरहि त्याच कुळांतला, म्हणून तोहि दूर ठेवावा. आम्लानें जस्त निघून जाऊन तांबूस डाग पडतात, तो दोष निराळा.

भरडा वापरतां वापरतां काळा पडतो. ती नुसती धूळ नव्हे. बुडांतील स्फोटक मिश्रणांतलें शिसें तींत असतें. म्हणून चाळणें तें मोकळ्या जागीं, नाकास फडकें बांधून करावें. ओलसर कापडाचे तुकडे भांड्यांत टाकल्यास धूळ त्यांस चिकटते. काम मंदावलें कीं भरडा बदलावा. टाकतांना तो बागेंत किंवा विहिरीजवळ टाकूं नये.