श्रमशिबिर आणि आपली शाळा

हिवाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची श्रमशिबिरे खेड्यांत भरू लागली की त्यांचा मुक्काम पुष्कळदा प्राथमिक शाळेतच पडतो. राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी झाला. तिचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. पाहुणे येतात, राबतात आणि परत जातात. ओढा, विहीर आणि शाळा गावातच राहतात. म्हणून शिबिरास कोणते काम सुचवावे, याचा विचार शिक्षकबंधुभगिनींनी ग्रामपंचायतीशी बोलून आधीच करून ठेवणे इष्ट आहे.

बहुधा पहिली सूचना वृक्षारोपणाची येते. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला तो जुलै महिन्यात, आणि ते योग्यच होते. हिवाळ्यात लावलेल्या रोपास पुढे पाच-सहा महिने हाताने पाणी घालावे लागते. उन्हाळ्याच्या सुटीत ते कोण घालणार, हे कोणी ठरविलेले नसते. ओढ्यास अद्याप धार असेल, तर वनराई बंधारा हे अधिक चांगले काम होय. धार आटली असेल, तर मात्र त्याचा आग्रह धरू नये. कोरड्या पात्रात रचलेली पोती छायाचित्रापुरतीच! अशा गावी माळावरील घळींत अनगड दगडांचे बांध घालावेत. पुढील पावसात ते माती अडवितात.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती व वाळू भरून, तोंडे शिवून, प्रवाहास आडवी रचलेली तात्पुरती भिंत म्हणजे वनराई बंधारा. जागा अरुंद, काठ उंच आणि वरच्या अंगास उतार कमी असा पाहावा. पोते ठासून भरू नये. ठासलेले पोते गोल होते आणि फटींतून पाणी निसटते; दोन-तृतीयांश भरलेले चपटे बसते. विटांच्या भिंतीप्रमाणेच सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. माती काठ खणून घेऊ नये, कारण पुढल्या पुरात तोच काठ ढासळतो.

असे पोते सुमारे ४० किलोचे भरते. ते उचलणे मोठ्यांचे काम. आपल्या मुलांनी पोत्याचे तोंड धरावे, घमेल्याने माती घालावी, पोती मोजावी. दगडाखाली विंचू असतो, तेव्हा कपारीत हात घालू देऊ नये.

शाळेचा खरा वाटा मोजमापाचा आहे. काम सुरू होण्यापूर्वी सहावी-सातवीच्या मुलांनी ओढ्याकाठी १० मीटर अंतर आखून वाळकी काडी सोडावी. समजा, ती ५० सेकंदांत गेली. वेग सेकंदास ०.२ मीटर. धारेची रुंदी २ मीटर व सरासरी खोली १० सेंटिमीटर असल्यास गुणाकार ०.०४ घनमीटर, म्हणजे ४० लिटर येतो. तळाशी पाणी संथ वाहते, म्हणून त्याचा चार-पंचमांश, ३२ लिटर, धरावा. आता ४ मीटर रुंदीच्या पात्रात १ मीटर उंच बंधारा घातला आणि पात्राचा उतार १०० मीटरांत १ मीटर असला, तर पाणी पाचरीच्या आकारात साठेल: २०० घनमीटर, म्हणजे दोन लक्ष लिटर. हिशेबाने ते पावणेदोन तासांत भरावयास हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. उरलेले पाणी कोठे गेले, हा प्रश्न मुलांनीच विचारावा, आणि उत्तरासाठी त्यांना पोत्यांच्या फटी व पात्राची वाळू दाखवावी. जमिनीखालील पाण्याचा पाठ याहून चांगला कोठे मिळणार?

यानंतर जवळच्या विहिरीची पातळी, दगड बांधलेल्या दोरीने, आठवड्यातून एकदा, पंप सुरू होण्यापूर्वी मोजावी. शक्य तर दूरच्या एका विहिरीचीही नोंद ठेवावी, म्हणजे तुलना करता येते. हे पाणी उन्हाळाभर पुरेल असे मुलांस सांगू नये. गुरांना काही आठवडे अधिक पाणी मिळाले तरी बंधाऱ्याचे काम झाले.

शिबिराच्या समारोपात ज्याची कोणी आठवण काढीत नाही असे एक काम राहते. पोती प्लॅस्टिकच्या धाग्यांची असतात. उन्हाने ती विरतात आणि पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या शेतोशेती पसरतात. मे अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, पालक व ग्रामपंचायत यांच्या साहाय्याने ती काढून माती शेतात पसरावी. घालताना मोजलेली पोती काढतानाही मोजावी. तो आकडा आणि विहिरींच्या नोंदी संबंधित महाविद्यालयास पत्राने कळवाव्यात. पत्र सातवीच्या मुलांनी लिहावे.