नवजात बाळाच्या अंगावर जांभळे ठिपके दिसले तर...

डेंग्यूच्या तापात 'पेशी कमी झाल्या' असे आपण ऐकतो. त्या पेशी म्हणजे प्लेटलेट, अर्थात बिंबाणू. वाहते रक्त थांबविणे हे त्यांचे काम. ते साधारणपणे दर घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. क्वचित एखाद्या बाळात मात्र ते जन्मतःच फार कमी असतात. असे का होते?

बापाकडून बाळाला आलेला बिंबाणूंचा गुण कधी आईच्या शरीराला परका वाटतो. त्याविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती वारेतून बाळाकडे जातात व त्याचे बिंबाणू नष्ट करतात. आईचे बिंबाणू पुरेसे असल्याने आधी काहीच कळत नाही. पहिल्या खेपेलाही हे घडू शकते. कधी आईलाच बिंबाणू कमी होण्याचा आजार असतो. तिची प्रतिपिंडेही अशीच बाळात उतरतात.

डुकराच्या पिलांतही हा रोग आढळतो. तेथे प्रतिपिंडे चिकातून जातात. म्हणून पिलू जन्मते ठणठणीत व चीक प्याल्यावर आजारी पडते. माणसात ती पोटातच वारेतून गेलेली असतात. तेव्हा घाबरून बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका.

अंगावर बारीक तांबडे-जांभळे ठिपके, विनाकारण काळेनिळे डाग, नाळेतून न थांबणारे रक्त ही लक्षणे ध्यानात ठेवा. ही दृष्ट नव्हे, बाधा नव्हे. मोठा धोका मेंदूत रक्तस्राव होण्याचा. म्हणून लेप, मालिश यांत वेळ न दवडता बाळाला नवजात शिशु कक्ष असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा. आईला आजार असेल तर बाळाचे बिंबाणू जन्मानंतरच्या दोन ते पाच दिवसांत आणखी घटू शकतात. तेव्हा घरी जाण्याची घाई करू नका.

तेथे रक्त तपासतात, मेंदूची सोनोग्राफी करतात. गरजेप्रमाणे बिंबाणू चढवितात व इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेतून देतात. आईची प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात आणि बिंबाणू वाढतात. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, रक्त व वाहन २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

यात सुनेचा दोष नाही, मुलाचाही नाही. कागद मात्र जपून ठेवा. पुढच्या खेपेस दिवस राहताच ते डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणीच आईला औषध देऊन बाळाला जपता येते.