पाराभोवतीच्या गोल गटाराची जाळी

मैत्रिणींनो, आमच्या पाराभोवती पेव्हर ब्लॉक बसले, पण गोल गटारावर मिस्त्रीने सरळ जाळ्या टाकल्या. दोन जाळ्यांमध्ये बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट राहिली. पहिल्याच पावसाळ्यात एका आजींचा पाय तिच्यात अडकला.

म्हणून जाळीचं माप आधी, ब्लॉक नंतर. मधोमध झाड, खुंटी रोवणार कुठे? पाराचा घेर दोरीने मोजा, 6.28 ने भागा, की त्रिज्या मिळाली. पारापासून गटाराचं अंतर त्यात मिळवा.

ही त्रिज्या 10 फूट असेल तर 4 फुटी सरळ तुकडा मधे जवळजवळ अडीच इंच गोलाच्या आत येतो. 2 फुटी तुकडा अर्ध्या इंचापेक्षा थोडाच जास्त. तेव्हा तुकडे लहान ठेवा, टोकं तिरपी कापून घ्या. वेल्डरला तोंडी सांगू नका हो, पुठ्ठ्याचा साचा द्या! अँगलची चौकट काँक्रीटमध्ये पक्की बसवा, जाळी मात्र सुटी ठेवा. गटाराच्या तळाला 10 फुटांत सव्वा इंच उतार हवा.

तुकड्यांवर नंबर टाका. पिंपळाची पानं काढायला जाळ्या उचलल्या आणि अदलाबदल झाली, की परत बसता बसत नाहीत.